उजवीकडून उघडणारं पुस्तक

खळीची बादली विश्वेश्वरच्या कोपराचा धक्का लागून कलंडली, यात बादलीचा काही दोष नव्हता. माजलगावच्या पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात ती चौदा वर्षं त्याच स्टुलावर बसत आली होती. गव्हाच्या पिठाची, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली हिरवट खळ. फाटक्या पुस्तकांच्या पाठी डकवायला ग्रंथपाल विश्वेश्वर ती स्वतः घोटायचा आणि तिच्या दाटपणाबद्दल कुणी चांगलं बोललं तर दिवसभर खुशीत असायचा. दोष द्यायचाच तर शुक्रवारला द्यावा लागेल. दर शुक्रवारी संध्याकाळी विश्वेश्वर वाचनालयात जाहीर वाचन करी आणि गुरुवारी दुपारी, आसपास कुणी नाही असं पाहून, हातवाऱ्यांसकट त्याची तालीम करी. त्या गुरुवारी एका प्रवासवर्णनातलं ‘आणि समोर पाहतो तो अथांग सागर’ हे वाक्य आलं. सागर अथांग आहे हे माजलगावकरांना पटवायचं तर दोन्ही हात पुरते फाकवावे लागतात, कारण त्यांनी धरणाचं पाणी पाहिलेलं असतं आणि त्याहून मोठं पाणी कुठे असेल यावर त्यांचा सहजी विश्वास बसत नाही. विश्वेश्वरचा उजवा हात खिडकीपर्यंत गेला, डावा बादलीपर्यंत.

स्टुलाखाली त्या वर्षीचे दिवाळी अंक होते. एकवीस. सकाळीच एस.टी.च्या पार्सलमधून आलेले. विश्वेश्वरने ते फडक्याने पुसले, एकावर एक रचले, सपाट राहावेत म्हणून वर दोन विटा ठेवल्या आणि गच्चीवर उन्हाला लावले. खळ उत्तम होती. दुसऱ्या दिवशी दुपारी विटा उचलल्या तेव्हा एकवीस अंकांचा मिळून एकच अंक झाला होता, आणि तो कुठूनच उघडत नव्हता.

साल शहाण्णव. पेठेत एस.टी.डी.चे तीन बूथ झालेले, या गच्चीवरून त्या गच्चीवर केबलच्या तारा गेलेल्या, आणि पूर्वी संध्याकाळी वाचनालयात पेपर चाळायला येणारी माणसं आता घरी बसून कुठल्या कुठल्या देशातल्या बायकांची भांडणं बघायला लागलेली. उरलेले वाचक टिकून होते ते दिवाळी अंकांवर. दिवाळीनंतरच्या आठवड्यात वाचनालयाचं टेबल मोकळं असणं म्हणजे पंगत बसावी आणि वाढप्याने पळून जावं, तसं. विश्वेश्वरने कपाटं धुंडाळली आणि तळाशी त्याला बजरंगचं पुस्तक सापडलं.

बजरंग मागच्या गल्लीतला. औरंगाबादजवळ वाळूजला कारखान्यात लागलेला. बाहेरच्या कंपन्यांना दारं उघडली, कारखान्याचं कुठल्याशा जपानी कंपनीशी जुळलं आणि बजरंगला तीन महिने काम शिकायला जपानला धाडलं. परत आला तेव्हा त्याने गल्लीत प्रत्येकाला एकेक बॉलपेन दिलं आणि वाचनालयाला हे विटेएवढं जाड, चित्रांनी भरलेलं पुस्तक. “तिकडं आगगाडीत टाय लावलेली मोठाली माणसं हे वाचत्यात,” तो म्हणाला. “एकजण वाचता वाचता रडत हुता. म्या म्हणलं, काहीतरी असंल.” अक्षर त्यालाही वाचता येत नव्हतं. विश्वेश्वरने रीतसर दाखल क्रमांक घातला, पहिल्या पानावर गोल शिक्का मारला, लेबल डकवलं आणि कपाट बंद केलं होतं.

त्या शुक्रवारी सागर मागे ठेवून त्याने हेच पुस्तक हातात घेतलं. पानं लोकांकडे वळवून एकेक चित्र दाखवत त्याने कथा लावली. पहिल्या चित्रात एक उघडाबंब तरुण तळ्याकाठी झाडाखाली पसरलेला. भोवती गोतावळा चमत्कारिक: दोन पायांवर चालणारी कोल्हीण, डोक्यावर पाण्याची बशी घेऊन हिंडणारं एक बुटकं ध्यान, एक डोळा आणि एकच पाय असलेली छत्री, आणि एक मोठा दगड, ज्याला चेहरा होता. विश्वेश्वरने निदान केलं: वाईट संगत. पुढे पानागणिक ही संगत सुटत गेली. छत्री दूर गेली, ध्यानाने तळ्यात बुडी मारली, कोल्हिणीने वाढलेलं ताट उचललं. तरुणाने सदरा घातला, टाय बांधला, आगगाडी पकडली, कचेरी गाठली. टेबलावर कागद वाढत गेले, फोन वाढत गेले. शेवटच्या चित्रात तो त्या कागदांवर डोकं टेकून होता.

“यशाच्या शिखरावर,” विश्वेश्वर आवाज खर्जात नेत म्हणाला, “क्षणभर विसावा.”

“पर त्यो रडतोय की,” मागून छबुबाई म्हणाली. छबुबाई वाचनालयासमोर भाजी विकायची. वाचता येत नसलं तरी ओसरीची सावली आवडायची म्हणून शुक्रवारी येऊन बसायची.

“आनंदाश्रू आहेत ते.”

“आन् ती कोल्हीण त्याच्याफुडचं ताट कावून उचलती?”

“तो आता स्वतः कमावणार म्हणून.”

छबुबाईने मान हलवली. पटल्यावर हलवतात तशी ती नव्हती. भाव करकरून काहीच न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पाठीकडे बघून ती हलवायची, तशी होती.

वाचनालयात एक अभिप्राय वही होती. ज्यांना लिहिता येई ते स्वतः लिहीत. ज्यांना येत नसे त्यांनी सांगायचं आणि विश्वेश्वरने आपल्या टपोऱ्या अक्षरात उतरवायचं, हा त्याचा स्वतःचा नियम. त्या दिवशी तीन अभिप्राय पडले. ‘बोधप्रद.’ ‘कष्टाला पर्याय नाही.’ ‘पंख्याचे बघावे.’ विश्वेश्वर दाराशी जाऊन चपला मोजून आला. सात जोड. त्यांतला एक जोड गेली कित्येक वर्षं तिथेच होता, त्याला मालक नव्हता, पण आकडा बरा दिसावा म्हणून विश्वेश्वर तो धरायचा.

आणि एक जोड टायरच्या तळव्यांचा, तात्याबांचा. तो नसलेला शुक्रवार अकरा वर्षांत उजाडला नव्हता.

तात्याबा सत्तरीचे. निजामाच्या अमलात इथल्याच शाळेत सातवीपर्यंत उर्दू शिकले आणि विशीच्या आत तहसील कचेरीत नकलनवीस म्हणून लागले. म्हणजे जुन्या कागदांच्या नकला उतरवून द्यायचं काम. पुढे राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली. जमिनी मात्र होत्या तिथेच राहिल्या आणि त्यांचे जुने कागद उर्दूतच राहिले. नवा साहेब यायचा, लाल कापडात बांधलेले बस्ते बघायचा, एखादा उघडून पुन्हा बांधायचा आणि म्हणायचा, “त्या तात्याबाला बोलवा.” तात्याबा अडतीस वर्षं बोलावल्यासारखे येत राहिले. रेकॉर्डाच्या खोलीला एक खिडकी होती, ती बस्त्यांनी झाकलेली. बाहेर आणीबाणी आली आणि गेली, हे त्यांना चहावाला बदलला तेव्हा कळलं असं लोक सांगत.

मग सिंदफणेवर धरण बांधायला निघालं. बुडणाऱ्या गावांची माणसं कचेरीच्या दारात रांगा लावून बसली. आपल्या बापाचं, आज्याचं नाव कुठल्या कागदात कसं आहे ते सांगणारा माणूस एकच. दोन वर्षं तात्याबा रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मेलेल्या माणसांची नावं वाचत होते. बुडणाऱ्या गावांत एक त्यांचं स्वतःचं होतं. आपल्या आज्याचं नाव आलं तेव्हा त्यांनी ते इतरांच्या नावांइतक्याच सपाट आवाजात वाचलं आणि पुढचा कागद घेतला. त्यानंतर त्यांचं बोलणं आटलं आणि झोप उडाली. बीडच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, परळीच्या वैद्याचं तेल झालं, नारायणगडाला नवस बोलून झाला. सून वनमाला सांगायची की मामंजी रातभर अंगणात खाट इकडून तिकडं सरकवत असत्यात, जणू ऊन लागतंय.

पण शुक्रवारच्या वाचनाला यायला लागल्यापासून फरक पडला, हेही तिनेच सांगितलं होतं. “तुमच्या वाचनानं मामंजींना लई गुण आला बघा.” हे वाक्य विश्वेश्वरने माजलगावात किती जणांना ऐकवलं असेल याला गणती नाही. साहित्य माणसाला कसं तारतं याचं उदाहरण म्हणून तो बोट दाखवायचा ते पहिल्या रांगेत, खांबाला टेकून, डोळे मिटून बसलेल्या तात्याबांकडे. खरा रसिक डोळे मिटूनच ऐकतो, असं विश्वेश्वरचं मत होतं. शिवाय ते मधूनमधून मानही हलवायचे.

तर मंगळवारी दुपारी या तात्याबांनी, अकरा वर्षांत पहिल्यांदा, वाचनालयातलं एक पुस्तक हातात घेतलं. टेबलावर दुसरं काही नव्हतंच. ते ओसरीवर जाऊन बसले आणि लहानपणापासून उर्दूमुळे हाताला लागलेल्या सवयीने पुस्तक उजवीकडून उघडलं.

“तात्याबा, उलटं धरलंय,” विश्वेश्वर टेबलामागून म्हणाला. “शिक्का बघा, लेबल बघा. सुरुवात इकडून आहे.”

“हूं,” तात्याबा म्हणाले आणि पान उलटलं, तेही आपल्या बाजूने.

छबुबाई भाजीवर ओलं पोतं टाकून सावलीला आली होती. तिने वाकून बघितलं. तात्याबांनी तिच्यासाठी चित्रावर बोट ठेवलं. “ह्यो पोरगा. ह्याला काम हाय.” पान. “लई हाय.” पान. “ह्यो त्याचा साहेब. ह्यो बी थकलाय, पर ह्याला आजून कुणी सांगितलं न्हाई.”

“मग?”

“मग आगगाडीत बसला. आन् भलत्याच ठेसनावर उतरला.”

“कावून?”

“त्यालाच म्हाईत न्हाई.”

“असू दे, असू दे. उतरला ते बेस केलं,” छबुबाई म्हणाली आणि मांडी ठोकून बसली.

रडत होता तो पोरगा आता तळ्याकडे पायऱ्या उतरू लागला. एका डोळ्याच्या छत्रीने त्याच्यावर सावली धरली. कोल्हिणीने ताट मांडलं. डोक्यावर बशी असलेल्या ध्यानाने त्याची पाठ चोळली आणि वाकताना स्वतःच्या बशीतलं पाणी सांडणार नाही याची काळजी घेतली. तळ्यात अर्धी बुडालेली एक लाकडी कमान होती; पाण्याखाली छपरं दिसत होती. तात्याबांचं बोट तिथे बराच वेळ थांबलं. “ह्याचं बी गाव पाण्यात गेलंय,” ते म्हणाले. छबुबाईचं माहेरही त्याच धरणात होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसायचा, तेवढंच.

मग दगड आला.

“ह्यो काय करतो?” तिने विचारलं.

“ह्यो काय करत न्हाई. नुसता संगं बसतो.”

दगड पोराशेजारी चौदा पानं बसला होता. तात्याबांनी ती चौदा पानं एकेक करून उलटली आणि एकाही पानावर तोंड उघडलं नाही. छबुबाईनेही नाही. पलीकडे पेपर वाचायचं सोंग करत बसलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरने पेपर खाली ठेवला. आत टेबलामागे विश्वेश्वरच्या डोक्यावर ‘शांतता राखा’ ही पाटी होती. स्वतः रंगवलेली, चौदा वर्षांची. इतकी शांतता तिला एकदाही मिळाली नव्हती, आणि आता मिळाली ती तिच्याकडे पाठ करून बसलेल्या माणसांकडून.

पोरगा झाडाखाली झोपला. पुस्तक संपलं. त्याच पानावर विश्वेश्वरचा गोल शिक्का होता.

छबुबाई उठली, तडक टेबलाशी आली आणि म्हणाली, “वही काढा, अप्पा. लिव्हा. कोल्हीणबाईच्या हातचं खाऊन पोरगं माणसात आलं. मला आजपातुर कुणी आयतं ताट वाढलेलं न्हाई, म्हणून मला ते लई ग्वाड लागलं. लिव्हलं? तात्याबांनी झ्याक सांगितलं, ते बी लिव्हा.” मग तिने भर घातली, “तुमी त्या पोराला बरं हुता हुता उचलून पुन्ना कामावर नेऊन टाकलं हुतं, अप्पा. ते लिव्हू नका. आपल्या आपल्यात.”

विश्वेश्वरने लिहिलं. नियम त्याचाच होता. फक्त ‘झ्याक’चं ‘ठीक’ केलं.

पुढच्या आठवड्यात त्याच्या हाताने त्याला बरंच काही लिहावं लागलं. एस.टी.चा ड्रायव्हर: ‘ते ठेसन कुठं हाय तपास करावा, गाडी तिकडं घालावी म्हणतो.’ सोसायटीतला कारकून, स्वतःच्या अक्षरात: ‘साहेबाचे चित्र पाहून साहेबांबद्दल प्रथमच वाईट वाटले.’ एका निनावी वाचकाने लिहिलं होतं, ‘रडू आले. कारण समजले नाही. बरे वाटले.’ बजरंग सुट्टीवर आला होता, तोही तात्याबांपुढे बसून गेला आणि लिहून गेला: ‘आगगाडीतला माणूस का रडत होता ते आज समजले. मी पण वाळूजला शिफ्ट सुटल्यावर तसाच बसतो.’ चौदा वर्षांत अभिप्राय वहीचं एक पान एका दिवसात भरलेलं विश्वेश्वरने पाहिलं नव्हतं. ते भरताना बघणं आणि भरायला स्वतःच मदत करणं, हे एखाद्या स्वयंपाक्याला शेजारच्या खाणावळीची पाटी रंगवायला लावण्यासारखं होतं.

तो चपला मोजत राहिला. बुधवारी एकोणीस जोड. गुरुवारी सव्वीस. शुक्रवारी, त्याच्या वाचनाला, पाच. आणि त्यांतले दोन बिनमालकाचा आणि तात्याबांचा. बाकी तिघे त्याचं वाचन संपायची वाट बघत होते, म्हणजे मग तात्याबांना पुस्तक घ्यायला सांगता येईल.

जळफळाटाला शिकल्या माणसाकडे सभ्य नावं पुष्कळ असतात. विश्वेश्वरने शनिवारी त्याला ‘ग्रंथसंरक्षण’ हे नाव दिलं. पुस्तकाची शिवण सैल झालीय, बांधणीला काढावं लागेल, असं जाहीर करून त्याने ते कपाटात टाकलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात नाही, पण जवळजवळ तशीच, करगोट्याला बांधली. मग टेबलामागे बसून तो ओसरीकडे बघत राहिला. माणसं जमली. तात्याबांनी रिकामे हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, “ह्यो पोरगा. ह्याला काम हाय.”

पुस्तकाशिवायच त्यांनी सगळं सांगितलं. पान उलटायच्या जागी ते बोट उलटायचे. आणि दगडाची चौदा पानं आली तेव्हा ते चौदा वेळा बोट उलटेपर्यंत गप्प बसले आणि ओसरीवर तीस माणसं गप्प बसली. एका चुकार शेळीने ओसरीवर चढून सगळ्यांकडे पाहिलं आणि तीही बसली. विश्वेश्वरला त्या शेळीचा जितका राग आला तितका माणसांचा आला नाही. मागच्याच वर्षी तिने त्याच्या वाचनातून उठून जाताना एक मासिक खाल्लं होतं.

सोमवारी वाचनालयाला सुट्टी असे. तरी विश्वेश्वर दर सोमवारी खळ घोटायला जायचाच. त्या सोमवारी तो गेला नाही. दुपारी घरात पालथा पडून राहिला. बायको महादेवी ज्वारी पाखडत होती. तिने सुपाआडून बघितलं.

“अंगात कणकण हाय का?”

“नाही.”

“मग आज घरी?”

“त्या माणसाला धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत,” विश्वेश्वर उशीत म्हणाला. “आवाज नाही. हातवारे नाहीत. उच्चार तर... आणि लोक त्याच्यापुढे बसतात.”

“तुमी तात्याबावर जळताय व्हय?” महादेवीने सूप थांबवलं. “आवं, त्ये म्हातारं काय बोलत बी न्हाई.”

“तेच तर.”

महादेवीने बराच वेळ ज्वारी पाखडली. नवऱ्याला चौदा वर्षांत सोमवारी दुपारी आडवा पडलेला तिने पाहिला नव्हता. तिला ते दृश्य वाईट वाटलं नाही. ती उठली, ताटात कण्या आणि ताक घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, “हितंच खावा. उठू नका.”

विश्वेश्वरने पिशवीतून पुस्तक काढलं. बांधणीच्या नावाखाली ते कपाटातून काढून घरीच आणलं होतं. चूक शोधावी म्हणून त्याने ते उजवीकडून उघडलं. म्हाताऱ्याने कुठेतरी आपल्या मनचं घुसडलं असेल, एखादं पान गाळलं असेल, एखादं तरी चित्र उलट्या बाजूने लागत नसेल. त्याने ताटातलं खात खात सगळी पानं बघितली. एकही चूक नव्हती; उर्दूसारखंच हे जपानी पुस्तकही उजवीकडूनच सुरू होत होतं. शेवटी आपला शिक्का लागलेलं पान आलं तेव्हा त्याला दिसलं की आपण एका झोपलेल्या माणसाच्या कपाळावर वाचनालयाचा ठप्पा मारून ठेवलाय.

खाणं झाल्यावर त्याला बसल्या जागी डुलकी लागली. जाग आली तेव्हा ताट उचललेलं होतं आणि जळफळाट होता तिथेच होता, फक्त ताक पोटात गेल्यामुळे थोडा थंड.

मंगळवारी त्याने थोडी खळ केली. पुस्तकाच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे खऱ्या पहिल्या पानावर, नवं लेबल डकवलं आणि ते वाळेपर्यंत त्याच्यावर काहीही ठेवलं नाही. एवढं करायला त्याला सबंध दिवस लागला. लेबल छोटं होतं, पण हात उचलत नव्हता.

शुक्रवार आला. गावात बातमी होती की बांधणी झाली, पुस्तक निघणार. चपला दारात मावेनात. विश्वेश्वरने एकेचाळीसपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. चौदा वर्षं ज्या गर्दीची तो वाट बघत होता ती समोर बसली होती, आणि तिच्यातलं कुणीही त्याच्यासाठी आलेलं नव्हतं. तो उभा राहिला. घसा साफ केला. बोलायचं पाठ करून आला होता, ते सगळं विसरला.

“हे पुस्तक मी उलटं वाचलं होतं,” तो म्हणाला. “आज... आजपासून शुक्रवारी तात्याबा सांगतील.” आणि पुस्तक त्याने खांबाशी बसलेल्या तात्याबांच्या मांडीवर ठेवलं. पुस्तक ठेवताना त्याला वाटलं, आता आपल्याला रडू येणार, आणि छबुबाई ते बघणार, आणि आनंदाश्रू म्हणायची सोयही राहिलेली नाही.

तात्याबांनी नव्या लेबलावरून अंगठा फिरवला. मग पुस्तक उचलून परत त्याच्या हातात दिलं.

“आज सुक्करवार हाय,” ते म्हणाले. “सुक्करवार तुजा. तू वाच.”

“लोक तुमच्यासाठी आलेत, तात्याबा.”

“लोकास्नी मी उद्या सांगीन. आज तू वाच. त्ये सागराचं ऱ्हायलंय तुजं.”

ओसरीवर चुळबूळ झाली. ड्रायव्हर म्हणाला, “सागराचं कशाला, तात्याबा?” पण तात्याबा खांबाला टेकून बसले होते आणि त्यांनी डोळे मिटलेही होते. त्यांच्याशी वाद घालणं आता शक्य नव्हतं. विश्वेश्वरने प्रवासवर्णन काढलं. आवाज लावला. बोट बंदरातून सुटेपर्यंत मागच्या दोन रांगा उठल्या. पहिलं वादळ येईतो ड्रायव्हरची ड्युटी निघाली. छबुबाईने भरसमुद्रापर्यंत दम धरला, मग तिला भाजीची आठवण झाली. जाताना ती खांबापाशी थांबली, तात्याबांकडे निरखून पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि विश्वेश्वरला म्हणाली, “चालू द्या अप्पा, थांबू नका.”

‘आणि समोर पाहतो तो अथांग सागर’ हे वाक्य आलं तेव्हा समोर एकटे तात्याबा होते. विश्वेश्वरने दोन्ही हात पुरते फाकवले. बादली त्याने आधीच लांब ठेवली होती. तात्याबांची मान संथ वर-खाली होत होती, प्रत्येक वाक्याला दाद दिल्यासारखी. एकेचाळिसांपैकी एक उरला, विश्वेश्वर मनात म्हणाला, पण काय उरला. ज्याच्यासाठी सगळं गाव लोटतं तो माणूस माझ्यासाठी बसतो. पंधरवड्याची जळजळ हळूहळू खाली बसली आणि तिच्या जागी एक जुनी, ओळखीची, सुखाची फुगवटी आली. त्या भरात त्याने पुढचं प्रकरणही वाचून टाकलं.

त्याने पुस्तक मिटलं तशी आवाज थांबल्यामुळे तात्याबांनी डोळे उघडले. चेहरा पहाटे धुतल्यासारखा ताजा होता. ते उठले, दाराशी गेले, दोन जोडांतला आपला ओळखून टायरच्या चपला पायात सरकवू लागले. विश्वेश्वर त्यांच्यामागे गेला. विचारू की नको असं त्याला झालं होतं, पण अकरा वर्षांचा प्रश्न होता आणि आज ऐकायला तिसरं कुणी नव्हतं, त्यामुळे पुस्तकी भाषाही आपोआप गळून पडली.

“तात्याबा, खरं सांगा. सांगायला तुमी माझ्याहून सरस हाय, ते म्या बघितलं. मग अकरा वर्षं एक सुक्करवार न चुकवता तुमी माझ्याच वाचनाला कावून येता?”

तात्याबांनी दुसरी चप्पल नीट घातली.

“घरी झोप लागत न्हाई बे.”